कापलेला कोपरा

पडद्यावर माझी भिंत होती. आमच्या जरीपटका वस्तीतल्या आटाचक्कीची. धरमपेठेतल्या त्या हॉलचा पडदा एवढा मोठा की आमच्या अख्ख्या गल्लीचे कपडे त्यावर वाळले असते. खाली लिहिलेलं: 'अनामिक लोककला'.

अनामिक! आणि मी तिसऱ्या रांगेत बसलेली, जिवंत.

ती भिंत मी भर मे महिन्यात रंगवली. ऊन असं की रंग डब्यातच खदखदत होता. शिडीवर भाकर टाकली असती तर फुगली असती. भिंतींवर दुकानांच्या जाहिराती रंगवायच्या आमच्या धंद्यात खालच्या कोपऱ्यात पेंटरचं नाव टाकतात. बाप शिकवताना म्हणायचा, "नाव टाकल्याबिगर शिडी उतरू नको वं पोरी." बाप गेला तोवर त्याच्या सगळ्या भिंती फ्लेक्सखाली गाडल्या गेल्या होत्या. म्हणून मी नाव टाकतेच. या फोटोत नेमका तेवढाच कोपरा नव्हता.

डिझाइनच्या इतिहासाची परिषद होती ती. बोलणाऱ्या मॅडमच्या गळ्यातल्या कार्डावर पदव्या इतक्या, की मान वाकलेली. माझ्या कार्डावर एकच शब्द. कारागीर.

मी उभी राहिले. "मॅडम, कोपरा काहून कापला?"

मॅडम गोड हसल्या. "अगं, नावामुळे फ्रेम बिघडत होती. आणि ही कला कुणा एकाची नसते, समूहाची असते."

"मंग तुमचा निबंध कोनाचा? मोहल्ल्याचा?"

हॉल हसला. मला वाटलं, मॅडमवर. नाही. माझ्या 'काहून'वर.

चहानंतर मला मंचावर उभं केलं. हातात ब्रश, पुढ्यात कोरी पाटी. परिषदेचं नाव रंगवून दाखवायचं, त्यासाठीच मला बोलावलं होतं. सगळे मोबाइल रोखून. कान अजून तापलेले होते. ब्रश बुडवला आणि पाटीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत माझं नाव लिहिलं. बापाच्या नावासकट. लाल.

आयोजक धावत आले. "अहो, परिषदेचं नाव कुठंय?"

"जागाच नाही उरली, सर."

एक टाळी नाही. मोबाइल खिशात गेले. पाटी उचलून मागे ठेवली, तोंड भिंतीकडे करून. ठेवा. रंग ओला होता. लागला असेल त्यांच्या भिंतीला.

आता मी नाव कोपऱ्यात टाकत नाही. मोठ्या अक्षरांच्या पोटातून नेते. घरमालक कुरकुरतात, दोन कामं हातची गेली. जाऊ देत. माझं नाव ज्याला नको, त्याला माझं एक अक्षरही मिळणार नाही.