चाखणाऱ्या आक्काचं वजन

मी चौतीस वर्षं गोदामात पोती उचलली. शेवटची अकरा वर्षं हमालांचा मुकादम होतो. कोण अंग राखून काम करतं आणि कोण जीव ओतून, हे मला माणसाच्या मानेकडे बघून कळतं, अशी माझी समजूत होती. ती आक्काने मोडली.

आक्का आमच्या कारखान्याच्या कँटीनची मुख्य स्वयंपाकीण. वय एक्कावन्न, उंची बेताची, वजन एक्क्याण्णव किलो. सकाळी सहाला चुली पेटवायची आणि तीन वाजता घासलेले टोप पालथे घालूनच बाहेर पडायची. चारशे माणसांचं जेवण. नऊ तासांत मी तिला खुर्चीवर टेकलेलं पाहिलं नाही. एकदा रांगेतला एक फिटर म्हणाला, "आक्का, तुम्ही दारात उभ्या राहिलात की आम्ही आत यायचं कुठून?"

"खिडकीतून ये. पोट आत ओढलंस तर मावशील," आक्का म्हणाली आणि त्याच्या ताटात नेहमीपेक्षा एक पळी जास्त वाढली.

ती आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायची. घरात ती आणि तिचा धाकटा भाऊ, दोघंच. भाऊ घड्याळं दुरुस्त करायचा. आईबाप लवकर गेले, तेव्हा आक्का एकोणीस वर्षांची होती आणि हा सात. त्याला तिने वाढवलं. मग त्याची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली. आठवड्यातून तीनदा इस्पितळात जाऊन यंत्राला जोडून घ्यायचं आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडायचं. स्क्रू-ड्रायव्हर धरला की हात थरथरायचा. दुकान बंद झालं.

आक्काचं मूत्रपिंड त्याला जुळत होतं. डॉक्टरीणबाई मात्र सरळ बोलणारी होती. "मूत्रपिंड जुळतंय, तुमचं वजन जुळत नाही. बहात्तरच्या आत या. एकाला वाचवताना दुसरीला आजारी पाडायचं, असलं काम मी करत नाही."

"किती दिवस आहेत?"

"भाऊ तग धरून आहे तोवर. वर्ष हातात आहे असं धरून चाला."

एकोणीस किलो. आक्का इस्पितळातून थेट माझ्याकडे आली. मला तेव्हा निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती.

"मुकादम, जन्मभर ओझी उचललीत, पोटावर वळी नाही तुमच्या. काय करू, सांगा."

मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? मी म्हणालो, "घाम गाळा. दुसरं काही नाही. घास मोजत बसणाऱ्यांचं ऐकू नका."

दुसऱ्या दिवसापासून सुरुवात. संध्याकाळी साडेचारला मैदानाला सहा फेऱ्या, मग इमारतीचे चारही मजले दहा वेळा चढायचे. नऊ तास उभं राहून आलेल्या बाईला मी हे करायला लावत होतो. पहिल्या आठवड्यात तिचे गुडघे सुजले. तिने पट्ट्या बांधल्या आणि आली. पावसात आली. भावाचं यंत्र असे त्या दिवशी उशिरा आली, पण आली.

दोन महिन्यांनी काटा एकोणनव्वद आणि चारशे ग्रॅमवर होता.

मी तेव्हा जे बोललो ते बोलायला नको होतं. म्हणालो, "आक्का, मी पाठ फिरवली की तुम्ही बाकावर बसता. एवढी मेहनत केली तर चरबी राहीलच कशी?"

 तीन दिवस तिने माझ्याशी अबोला धरला. फेरी मात्र एकही चुकली नाही. मी लांबून मोजत होतो.

इस्पितळात आहाराचा सल्ला देणारी एक तरुण बाई होती. तिने आक्काला वही दिली होती, खाल्लेलं सगळं लिहायला. आक्का मन लावून लिहायची. साखर न घातलेला चहा. एक फळ. वाटीभर भात, वाटीभर भाजी. रात्री तेवढंच. वही बघून ती बाई म्हणाली, "एवढंच खाणारं माणूस या वजनावर राहत नाही. काहीतरी लिहायचं राहतंय."

आक्का वही माझ्यापुढे आपटत म्हणाली, "तुम्ही म्हणता मी बसते. ती म्हणते मी चोरून खाते. मग मी खरं बोलते ते कुणाशी?"

तिच्या मानेची शीर ताठ झाली होती. ही बाई खोटं बोलत नव्हती. मग चूक कुठे होती? मी जुनी ओळख काढून कँटीनच्या मागच्या दाराशी स्टूल टाकून बसलो. हमालाला मोजायची सवय असते. किती पोती आत गेली हे आपोआप डोक्यात राहतं. मी काय मोजायचं हे ठरवून बसलो नव्हतो. पण तासाभराने माझ्या लक्षात आलं की मी चमचा मोजतोय.

रश्शाला उकळी आली, चमचा तोंडात. मीठ पडलं, चमचा. भात शिजला का, चार शितं. बटाटे तळून निघाले, एक तुकडा मोडून अर्धा तोंडात, दुसऱ्या घाण्याचा पुन्हा अर्धा. दूध आटलं का, साखर बसली का. ती बोलत होती, ओरडत होती, टोप उतरवत होती आणि हात आपला चालूच.

बारा वाजता मी उठून म्हणालो, "आक्का, सकाळपासून एकशे अठरा वेळा तुम्ही तोंडात घातलंत."

"काय?"

"अन्न."

ती हसली. "ते खाणं कुठलं, मुकादम? ते काम आहे."

ती थट्टा करत नव्हती. सव्वीस वर्षं ती तसंच मानत आली होती. गवंड्याच्या अंगावर चुना उडतो, त्याला कुणी रंगकाम म्हणत नाही. तसंच हे. ते वहीत लिहायचं असतं हे तिच्या मनातही आलं नव्हतं. आणि नोकरीत असताना मीही कँटीनमध्ये रोज जेवत होतो, तो चमचा रोज बघत होतो.

दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच एक रिकामा डबा शेजारी ठेवला. एक चमचा तोंडात, तसाच एक डब्यात. एक तुकडा तोंडात, तेवढाच डब्यात. तीन वाजता तो डबा धान्य मोजायच्या काट्यावर ठेवला. डब्याचं वजन वजा करून एक किलो तीनशे चाळीस ग्रॅम. वर बोटभर तेल तरंगत होतं.

आक्काने डबा काट्यावरून उचलून पुन्हा ठेवला. मग म्हणाली, "म्हणजे मी रोज जेवायच्या आधी जेवते."

माझ्या सहा फेऱ्या आणि चाळीस मजले त्या डब्यात कुठेतरी बुडाले होते. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "माफी ठेवा. चव न घेता चारशे माणसांचं रांधायचं कसं, ते सांगा."

मी कँटीनमधल्या चौघांना विचारलं.

कुणी म्हणालं, चाखा आणि थुंका. "चुलीपाशी उभी राहून थुंकू? उद्या कोण जेवेल माझ्या हातचं?" मग मदतनीस बाईला चाखायला लावलं. ती तंबाखू खाणारी. तिला सगळंच "फस्क्लास" लागायचं. त्या आठवड्यात एक दिवस रस्सा इतका खारट झाला की फिटर रांगेतून ओरडला, "आक्का, पोहायला शिकवताय का?" दुसऱ्या दिवशी घाबरून मीठ कमी पडलं. लोकांनी ताटं तशीच ठेवली. सव्वीस वर्षांत असं झालं नव्हतं. आक्का कोठीत जाऊन पोत्यावर बसली. ती बसलेली मी पहिल्यांदा पाहिली.

त्या संध्याकाळी फेऱ्या झाल्यावर तिने मला घरी बोलावलं. टेबलावर परातभर मीठ आणि भावाचा घड्याळाचे भाग तोलायचा बारीक तराजू. ती डोळे मिटून मीठ उचलायची, भाऊ तोलायचा आणि आकडा सांगायचा. "अठ्ठेचाळीस." "पंचावन्न." "एक्कावन्न." पन्नास ग्रॅमची मूठ हवी होती. पुन्हा. पुन्हा. मिठाने बोटांच्या भेगा झोंबायच्या. महिनाभर रोज तासभर हे चाललं. भिंतीकडे तोंड करून पडणारा भाऊ त्या तासापुरता उठून बसायचा आणि कडक मास्तरासारखा म्हणायचा, "आक्का, दोन ग्रॅम जास्त. बोटं सैल सोडलीस."

महिन्याच्या शेवटी मी बघायला बसलो. वीस मुठींपैकी एकोणीस मुठी एकोणपन्नास ते एक्कावन्नच्या मधे. मी आयुष्यभर पन्नास किलोची पोती उचलली, पण हातात पन्नास ग्रॅम ओळखणारं माणूस पाहिलं नव्हतं. 

बाकीचं तिने कानावर आणि नाकावर घेतलं. तेल तापलं की कसं बोलतं, कांद्याचा वास कधी गोड होतो, रस्सा पळीच्या पाठीवरून किती हळू उतरतो. शेवटी प्रत्येक टोपाला अर्धा चमचा चव, एकदाच. पाच टोप, पाच अर्धे चमचे, आणि तेही वहीत लिहायचे. लोक पुन्हा बोटं चाटायला लागले. त्यांना काही कळलंही नाही.

आणि काटा उतरायला लागला. आधी दोन महिन्यांत जे झालं नव्हतं ते आता पंधरा दिवसांत होत होतं. सातव्या महिन्यात ती एकोणऐंशीवर आली. मी मनात म्हणालो, मुकादम, तुझं घामाचं शास्त्र गुंडाळून ठेव.

पण तसंही नव्हतं. एके दिवशी आक्काला भाताचा टोप उचलवेना. जो टोप ती एका दमात उतरवायची, तो तिच्या हातात डगमगला. अन्न कमी झाल्यावर पायांत त्राण राहत नव्हतं म्हणून तिने फेऱ्या बंद केल्या होत्या, आणि मला सांगितलं नव्हतं. चरबी गेली तशी ताकदही निघून गेली होती.

आहाराच्या बाईने डाळ, अंडी, दही वाढवून दिलं. बाकीचं माझ्याकडे. आता मी तिला फेऱ्या मारायला लावल्या नाहीत. वाळूची पिशवी दिली, पाच किलोची. गुडघ्यात वाकायचं, पाठ सरळ, मांड्यांनी उचलायचं, सावकाश ठेवायचं. ठेवताना आदळलं तर ते उचलणं मी मोजत नसे.

"किती झाले?"

"नऊ."

"अहो, अकरा उचलले मी!"

"दोन आदळले."

"तुमच्या बायकोने कशी काढली तुमच्याबरोबर चाळीस वर्षं!"

दहाव्या महिन्यात पिशवी बारा किलोची झाली होती आणि आक्का त्र्याहत्तरवर. तेवढ्यात भावाच्या हातातली, यंत्र जोडायची नस बंद पडली. गळ्याशी नळी घालावी लागली, तिथे जंतुसंसर्ग झाला, ताप चढला. डॉक्टरीणबाई म्हणाली, फार थांबता येणार नाही.

आक्काने त्या दिवसापासून खाणं सोडलं. तीन दिवस नुसतं पाणी. मला चौथ्या दिवशी कळलं, तेही इस्पितळात, तिच्याबरोबर वजनाला गेलो तेव्हा. काटा एक्काहत्तर आणि दोनशे. तिने माझ्याकडे विजयी मुद्रेने बघितलं आणि भिंत धरली.

डॉक्टरीणबाईने रक्तदाब घेतला, रक्त तपासायला पाठवलं, आणि कागद बघून म्हणाली, "वजन बसतंय. बाई बसत नाही. अशा अंगावर मी हात घालणार नाही. पंधरा दिवसांनी या. जेवून या."

"पंधरा दिवस त्याच्याकडे आहेत का?"

"ताप उतरतोय. ते मी बघते. तुमचं काम तुम्ही करा."

बाहेरच्या बाकावर आक्का रडली. उपाशी राहणं तिला जमलं असतं, ते सोपं होतं. भाऊ तिकडे तापाने फणफणलेला असताना ताटावर बसायचं, ठरलेला प्रत्येक घास खायचा, एकही कमी नाही, एकही जास्त नाही, आणि मग पिशवी उचलायची, हे अवघड होतं. मी पाहिलंय ते. घास चावताना तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं आणि ती चावत राहायची. वाटी रिकामी करून वहीत लिहायची आणि उठायची. चौदा दिवस. एकही उचलणं आदळलं नाही.

पंधराव्या दिवशी एक्काहत्तर आणि सहाशे. रक्तदाब नीट. साखर नीट. डॉक्टरीणबाईने कागदावर सही केली आणि म्हणाली, "बरं." एवढंच. पण उठून तिने आक्काला दारापर्यंत पोचवलं.

शस्त्रक्रिया झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो तर आक्काची खाट रिकामी. ती नर्सच्या दंडाला धरून भावाच्या खोलीकडे चालली होती, पाय उचलून टाकत, पोटावर हात धरून. मी मधे पडलो नाही. मागून चालत राहिलो.

भाऊ उशाला टेकून बसला होता. खाटेच्या कडेला पिशवी लटकत होती, लघवीने अर्धी भरलेली, स्वच्छ पिवळी. दीड वर्ष त्याला दिवसाला मोजून दोन पेले पाणी मिळत होतं. नर्सने तांब्या पुढे केला आणि म्हणाली, "आता भरपूर प्यायचं."

त्याने पेला भरला. त्याचा हात थरथरत नव्हता. एका दमात प्याला, खाली ठेवला, आक्काकडे बघितलं, आणि पुन्हा भरला. दुसरा. मग तिसरा. पाणी हनुवटीवरून गळ्यावर ओघळत होतं.  आक्का दाराची चौकट धरून उभी होती आणि प्रत्येक घोटाबरोबर तिचाही गळा हलत होता.