फिलोमेनाच्या मांडीवरचे काटे

आमच्या सार्डिनियातल्या गावात दगडी भिंत बांधायची म्हटली की बाकीझियोचंच नाव निघायचं. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. वय झालं, गुडघे कुरकुरायला लागले, तरी बढाई कमी झाली नव्हती. "माझ्या भिंतीतून सरडासुद्धा मला विचारून जातो," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा.

म्हणूनच ईस्टरनंतर त्याच्या परसातून फिलोमेना नाहीशी झाली, तेव्हा गावाला आयतीच करमणूक मिळाली. फिलोमेना म्हणजे त्याच्या बायकोची, आंतिओकाची कासवी. लग्नात माहेरून आलेली. थंडीभर मातीत झोपून नुकतीच वर आली होती.

"भिंत कोणी बांधली म्हणालास?" आंतिओकाने विचारलं.

मी त्यांची शेजारीण. दोघांबरोबर वेलींखाली, निवडुंगामागे सगळीकडे वाकून वाकून शोधलं. काही नाही.

दुसऱ्या दिवशी पेप्पीना बेकरीवाली पावाच्या टोपलीत एक कासव घेऊन हजर. "घ्या तुमची लेक. चर्चच्या पायऱ्यांपाशी फिरत होती."

"बघ! आली की नाही?" बाकीझियोला एकदम कंठ फुटला.

आंतिओकाने कासव हातात घेतलं, उलटं केलं आणि लगेच सुलटं केलं. "ही फिलोमेना नाही."

"अगं, कासवासारखं कासव! थंडीत जरा वाळली असेल."

"वाळली? आपलीच्या दोन्ही मांड्यांवर मागच्या बाजूला काटे आहेत. इथे आहेत का? नाहीत. उलट शेपटीच्या टोकाला हे नख बघ. ही जातच वेगळी. आणि पोट खोलगट, शेपूट लांब. बाकीझियो, हा बाप्या आहे!"

पेप्पीना हसता हसता पिठाच्या हातांनीच डोळे पुसायला लागली.

पाहुण्याला परसात सोडायला आंतिओका तयार होईना. परक्या कासवाचा आजार आपल्याला नको, म्हणून तिने त्याला कपडे धुण्याच्या जुन्या हौदात माती घालून वेगळं ठेवलं. तोवर मी गावात चौकशी केली. कोणाचंच कासव हरवलं नव्हतं. प्रियामो न्हाव्याकडे एक होतं, पण त्याचं जागेवर होतं.

"माझा बॅरन? तो तर हल्ली देवमाणूस झालाय," प्रियामो दाढी करता करता म्हणाला. "आधी बुटाला धडका द्यायचा. आता हातातून खातो."

"कधीपासून?" मी विचारलं.

"झाले दोनेक दिवस."

मी तशीच जाऊन आंतिओकाला बोलावून आणलं. प्रियामोच्या फाटक नसलेल्या अंगणात टोमॅटो आणि दुधात भिजवलेला पाव पुढ्यात घेऊन फिलोमेना मजेत बसली होती. मांड्यांवर काटे, पोट सपाट.

"मावशी, खरंच मला कळलं नाही हो," प्रियामो ओशाळून म्हणाला. "मला वाटलं, वयानं शहाणा झाला."

"वयानं पुरुष शहाणा होतो, हे तुला सांगितलं कोणी?" आंतिओका म्हणाली. "आणि पाव-दूध बंद कर. पोट बिघडतं त्यांचं. बांधावरची कडू पानं घाल, पसरट ताटलीत पाणी ठेव, सकाळचं ऊन आणि दुपारची सावली. बस्स."

हौदातला बॅरन घरी गेला आणि पोचल्या पोचल्या प्रियामोच्या बुटाला त्याने धडक दिली. प्रियामोला इतका आनंद झाला की गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनं बसलंय हेही तो विसरला.

इकडे बाकीझियो भिंतीकडेने वाकून चालत होता. अंजिराजवळ माती भुसभुशीत होती आणि तिथे पायाच घातलेला नव्हता. खालून बीळ काढून बाई निघून गेली होती. त्याने बायकोला हाक मारली.

"ही चूक माझीच. सरळ खाली गेली बघ. काम मात्र झकास केलंय."

त्याने हातभर खोल खणून चपटे दगड उभे गाडले. भिंतीच्या कोपऱ्यांत वरून आडवे दगड पुढे काढले, कारण कासवं कोपऱ्यात चढतात, हे आंतिओकाने बजावलं होतं. बघायला आलेल्या प्रियामोने लगेच तसंच कुंपण मागितलं, मग पेप्पीनाच्या बहिणीने. परवा मी पाहिलं, प्रियामोच्या अंगणात बाकीझियो खणत होता, प्रियामो दगड उचलून देत होता आणि आंतिओका सावलीत खुर्ची टाकून बसली होती.

"अजून खोल," ती म्हणाली.

"अगं, कासव आहे की खाणकामगार?"

"तू खण."