रोझाल नेनीचं नाक

हंगेरीतल्या आमच्या तोकायच्या टेकड्यांत वाइन निवडायची तर रोझाल नेनीला विचारूनच, ही काळ्या दगडावरची रेघ. नेनी म्हणजे काकू, आणि ती सगळ्या गावाचीच काकू होती. मी तिची शेजारीण, भिंतीला भिंत लागलेली. यानोश संताच्या दिवशी चर्चमध्ये जे झालं ते आठवलं की मला अजून घाम फुटतो.

नेनी पिंपं बनवणाऱ्याची मुलगी. जन्मभर तिने दुसऱ्यांच्या मळ्यांत द्राक्षांचे सुकलेले दाणे वेचले. स्वतःची एक वेल नाही, पण शब्द असा की पाद्रीबाबासुद्धा तिला विचारून पिंप उघडायचे. विचारलं की ती हातचं न राखता सांगायची. बाटलीवरचा कागद वाचू नका, तो छापणाऱ्याला वाइन कळत नाही. फुरमिंट द्राक्षाची कोरडी वाइन असेल तर पेला रिकामा झाल्यावर हुंगा, चांगलीचा वास मागे राहतो. अस्सू, म्हणजे वेलीवरच सुकलेल्या दाण्यांची गोड वाइन, घेताना गोडीला भुलू नका. गोडीच्या पोटात आंबटपणा नसेल तर तो नुसता पाक. आणि जो मालक जेवताना स्वतःची वाइन पीत नाही, त्याच्या दारातूनच मागे फिरा.

हे नाक गेलं. तीन हिवाळ्यांपूर्वी तिला मोठा ताप आला आणि वास म्हणून काही राहिला नाही. परत येईल म्हणून ती आधी गप्प राहिली. लोक पेले घेऊन दारात येतच होते. ती रंग बघायची, घोट घोळवायची आणि अंदाजाने मान हलवायची. तिची मान हलली की गाव तिचीच री ओढायचं.

या शरदात तिने आगोश्तोनच्या तळघरात त्याच्या फुरमिंटपुढे नकाराची मान हलवली. रंग जरा गढूळ वाटला, एवढंच. आगोश्तोन नाकासमोर चालणारा माणूस, बापाचा वरच्या उतारावरचा मळा एकट्याने सांभाळणारा. त्या एका नकाराने गिऱ्हाइकं त्याच्या तळघराकडे फिरकेनात. नाताळ जवळ आला तेव्हा कळलं की तो मळा बुडापेस्टच्या एका माणसाला विकायला निघालाय.

नेनी हादरली. घरोघर जाऊन सांगू लागली की माझं नाक मेलंय, माझं ऐकू नका. लोक हसले. सुगरण म्हणे मला मीठ कळत नाही! पाद्रीबाबांनी तर तिच्या विनयाचं कौतुक केलं. मीही हसले. आगोश्तोनकडे ती दोनदा गेली. त्याने तिला केक खायला घातला आणि म्हणाला, माझं मन राखायला असं बोलू नका.

नाताळ झाला की दोन दिवसांनी यानोश संताचा दिवस. घरोघरच्या बाटल्या चर्चमध्ये आशीर्वादाला ठेवतात आणि त्यातल्या एकीची वाइन सगळ्यांना देतात. कुठली, ते नेनी ठरवते. या वेळी तिने स्वतःच्या पिशवीतून बाटली काढली. पाद्रीबाबांनी आशीर्वादाची प्रार्थना करून घोट घेतला, डोळे मिटले आणि मान डोलावली. मग आमची रांग लागली. माझा गळा जळला. डोळ्यांत पाणी आलं. मी म्हणाले, वा. मागचाही वा म्हणाला, त्याच्या मागचाही.

आगोश्तोनने पूर्ण पेला संपवला.

नेनीने विचारलं, "कशी आहे?"

"छान आहे, नेनी."

"अरे, काकडीच्या लोणच्याचं व्हिनेगर आहे ते. दुकानातून आणलंय."

पाद्रीबाबा पेल्यात बघत राहिले. लहानपणापासून वाइन पिऊन वाढलेली माणसं आम्ही, आणि आम्ही सगळ्यांनी व्हिनेगरला वा म्हटलं होतं.

नेनी म्हणाली, "मला वास येत नाही. तुम्हाला तर येतो ना? मग एकानेही तोंड का उघडलं नाही?"

मग ती आगोश्तोनकडे वळली. "तुझ्या वाइनलाही मी अशीच आंधळेपणाने नाही म्हणाले. तू तरी चाखली होतीस ना?"

"चाखली होती," तो म्हणाला. "तुम्ही गेल्यावर पेला भरून खाली पायरीवर बसलो. इतकी चांगली लागली की रडू आलं. माझ्या बाबांच्या हातूनही तशी कधी उतरली नव्हती."

"मग?"

"मग वाटलं, माझी जीभच बिघडली. नेनी नाही म्हणाल्या म्हणजे नाही."

नेनीने त्याचा दंड घट्ट धरला. अजून वेळ आहे, ती म्हणाली, उद्याच बुडापेस्टला जाऊ, मी त्या माणसाचे पाय धरते, विकू नकोस.

आगोश्तोनने तिचा हात हळूच सोडवला.

"सही नाताळच्या आधीच झाली, नेनी. तेव्हा तो माणूस इथे आला होता. त्याने तीच वाइन चाखली आणि पिंपाला मिठी मारली."