पायऱ्यांची विहीर आणि रुखमाचा पाय

शहाद्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी माझ्या बायकोच्या घोट्यावरच्या फोडावर पाणी सोडले. थोड्या वेळाने फोडातून पांढऱ्या दोऱ्यासारखे एक टोक बाहेर आले.

"गिनी वर्म," डॉक्टर म्हणाले. म्हणजे आपला नारू. "गेल्या उन्हाळ्यात पाणी कुठले प्यायलात?"

"गावच्या विहिरीचे."

"पायऱ्या आहेत तिला?"

आहेत, म्हणालो. माझी बोलती बंद झाल्याचा हा पहिलाच प्रसंग.

त्याचे कारण सांगतो. आमचे गाव कळसाडीच्या बाजूचे. गेल्या उन्हाळ्यात तालुका बोर्डाचा ओव्हरसिअर चावडीत आला होता. विहिरीच्या पायऱ्या बुजवायच्या, कठडा बांधायचा, रहाट बसवायचे, म्हणजे पाण्यात कोणाचा पाय पडणार नाही. त्यासाठी घरोघर जादा पट्टी. मी पंचक्रोशीतला नावाजलेला नकल्या. उठलो आणि त्याच्याच आवाजात जाहीर केले, की पुढच्या वर्षी सरकार गावात एक शिपाई नेमणार, तो प्रत्येकाच्या तोंडात पाणी ओतणार, आणि गिळण्याची पट्टी वेगळी! चावडी हसून लोळली. ओव्हरसिअरसुद्धा हसला, बिचारा. पट्टी बारगळली.

निव्वळ टवाळी नव्हती ती. इब्राहिमभाई पिंजारी तेव्हा शांतपणे म्हणाले होते, "रस्तासाठे पैसा दिधात. तो रस्ता कथा शे?" रस्ता कुठे आहे ते सांगण्याऐवजी ओव्हरसिअरने कागद चाळले. घेणारा हात आम्ही दरवर्षी पाहत होतो, देणारा क्वचितच. सरकार जितके लांब तितके बरे, असे माझे मत होते, आणि ते अगदीच मूर्खाचे मत नव्हते.

डॉक्टरांनी समजावले. नारूवाल्याचा पाय पाण्यात गेला, की किड्याची पिल्ले पाण्यात सुटतात. ते पाणी जो पितो त्याच्या अंगात किडा वर्षभर वाढतो आणि मग फोड येतो. फोडाची आग एवढी, की माणूस आपण होऊन पाय पाण्यात घालतो. रुखमाने आठ दिवस तेच केले होते. शेवटच्या पायरीवर घोटाभर पाण्यात उभी राहून ती घागरी भरत होती.

"तठे पायले बरं वाटे," ती मान खाली घालून म्हणाली.

दोरा काडीवर गुंडाळून बांधला. रोज दोन बोटे गुंडाळायचा, ओढ लागली की थांबायचे. महिना लागेल, रोज दवाखान्यात या, असे डॉक्टर म्हणाले. पण शहादा गाठायचे म्हणजे बैलगाडीने हाडे खिळखिळी करून घेणे. रस्ता झाला नव्हताच. मी म्हणालो, घरी करतो. त्यांनी मला नीट शिकवले.

दहा दिवस मी शहाण्यासारखा वागलो. ती ओठ आवळून बसे, मी अख्ख्या गावाच्या नकला करी. अकराव्या दिवशी वाटले, आता उरला असेल कितीसा. ओढ लागली. मी थांबलो नाही. दोरा तुटला. एवढ्या मोठ्या चुकीचा काही आवाजही होत नाही.

दुसऱ्या दिवशी पाय गुडघ्यापर्यंत सुजला. गाडीत तिचे डोके माझ्या मांडीवर होते आणि प्रत्येक खड्ड्याला ती किंचाळत होती.

"ॲबसेस," डॉक्टर म्हणाले. म्हणजे आत पू धरला. त्यांनी चीर दिली. मला रागावले असते तर बरे झाले असते.

सतरा दिवस आम्ही दवाखान्याच्या ओसरीवर काढले. उपचार फुकट. ज्या पट्ट्यांवर मी हशे घेत होतो, त्यांतूनच तो दवाखाना चाले, तोही रडतखडत. जखमा बांधणारा ड्रेसर बँडेज उकळून पुन्हा वापरी. कापूस संपला तेव्हा इब्राहिमभाईंनी पिंजलेला पाठवला.

निघताना डॉक्टर म्हणाले, "जीव वाचला. गुडघा आता वाकणार नाही. दुसरा पाय सांभाळा. या उन्हाळ्यातही त्या तेच पाणी प्यायल्या आहेत. त्याचे पुढच्या वर्षी कळेल. पुढचे मात्र तुमच्या हातात आहे."

मी ओव्हरसिअरला स्वतः बोलावून आणले. चावडी भरली. मी उठलो.

"पट्टी बसवा. माझ्या घराला दुप्पट लावा."

चावडी हसून लोळली.

मी रुखमाचा पाय सांगितला, दोरा तुटल्याचे सांगितले. माझा आवाज फाटला. मागून कोणीतरी ओरडले, "नाना, डाक्टरनी बी नक्कल करा ना!" पुन्हा हशा. मग इब्राहिमभाई उठले. तेवढे एक हसत नव्हते. "नाना, वहिनीना पाय खरा शे. पन रस्ताबी खरा शे ना?" ओव्हरसिअरने या खेपेलाही कागद चाळले. ठराव पुढे ढकलला.

तुमच्या घरी नारू निघाला तर दोरा ओढू नका. फोडाचा पाय विहिरीत घालू देऊ नका. पाणी चौपदरी फडक्यातून गाळून प्या. आणि पट्टी मागणारा आला तर त्याला हिशेब जरूर विचारा, भांडाही. मात्र लोकांना हसवून घरी पाठवू नका. त्या डॉक्टरांचे उपकार मी मरेपर्यंत विसरणार नाही.

चावडीवरून परतलो तेव्हा रुखमा ताठ पाय पुढे पसरून पाणी गाळत होती. मी आधी तिचा दुसरा घोटा पाहिला. आता रोजच पाहतो.

"काय व्हयनं?" तिने विचारले.

"हसले."

"मंग चांगलं बोलनात तुम्ही," ती म्हणाली आणि फडके पिळू लागली.