लवू शिवलकरचं उतरलेलं वजन

मांडवीत अशी कुजबुज होती की लवू शिवलकर चोरून बारीक व्हायच्या सुया टोचून घेतो, आणि सुया टोचणारी नर्स पुलापलीकडे भाट्याला राहते. कुजबुज मासळीच्या पाटीबरोबर घरोघर फिरते, आणि पाटी हलकी होत जाते तशी ती जड होत जाते. पहिल्या घरी नुसती सुई होती. दुसऱ्या घरी नर्स आली. चौथ्या घरी पोचेपर्यंत नर्सच्या केसांत अबोलीचा वळेसर होता आणि तिचा नवरा मस्कतला गेलेला होता.

लोकांना तरी दोष कसा द्यायचा? लवू म्हणजे काही नजरेआड राहणारा ऐवज नव्हे. मालवाहू जहाजावर आयुष्यभर चीफ कुक म्हणून राबलेला, बावन्न वर्षांचा, आडवा वाढलेला माणूस. रिक्षात बसला की रिक्षावाला शेजारी दुसरं भाडं घेत नसे. असा माणूस वर्षभरात निम्मा दिसायला लागतो, आणि रोज दिवेलागणीला इस्त्रीचा शर्ट चढवून भाट्याच्या पुलाकडे चालू लागतो. "बाई नसेल तर इस्त्री कशाला?" हा शेजारच्या हरिश्चंद्रचा सवाल होता. हरिश्चंद्र पोस्टातून निवृत्त झालेला. दुसऱ्यांचा मजकूर पोचवायची सवय त्याची काही सुटली नव्हती.

खरी गोष्ट सुरू झाली ती मुंबईला. जहाजावर चढण्याआधी खलाशांची वैद्यकीय तपासणी होते. त्या खेपेला डॉक्टरने लवूला काट्यावर उभं केलं, दोन जिने चढउतार करायला लावले, आणि धापा टाकणाऱ्या लवूला शांतपणे सांगितलं, "अनफिट. वजन खाली आणा, मग या." कंपनीने जागा तशीच ठेवली, पण वर्षभरच. त्यानंतर दुसरा कुक कायमचा घेणार. या वयाला दुसरी कंपनी उभी करत नाही, हे लवूला पक्कं ठाऊक होतं. दिशाचं, त्याच्या मुलीचं, कॉलेज अजून व्हायचं होतं आणि घरात कमावता तो एकटाच.

घरी परत येताना हातखंब्याला गाडी थांबली, लोक उतरले, वडे खाऊन आले. लवू खिडकीशीच बसून राहिला. आपल्याला वाईट वाटायला हवं, असं त्याला वाटलं. वाटेना. दाढ काढताना अर्धा गाल आपला राहत नाही ना, तसं त्याचं सगळंच झालं होतं. बायकोने, सगुणाने, दारातच विचारलं, "काय झालं?" तो म्हणाला, "नाय घेतला." आणि चपला काढून आत गेला.

वाट दाखवली ती विनोदने. विनोद त्याच्याच जहाजावरचा, पोटाने त्याच्याच तोलाचा. तो दर आठवड्याला बारीक व्हायची सुई घेऊन असा उतरला होता की त्याची पँट त्याला न विचारताच खाली यायची. फोनवर म्हणाला, "भूकच मरते रे. समोर सुरमई ठेव, बघावंसं वाटत नाय. घे तू पण."

लवू मारुती मंदिराजवळच्या डॉक्टरीणबाईंकडे गेला. सुई हवी, म्हणाला. बाईंनी आधी शंभर प्रश्न विचारले. त्यातला एक असा, की घरात कुणाला गळ्यातल्या थायरॉइडचा कॅन्सर होता का.

"आईला गाठ होती. मुंबईला काढली. त्यातच गेली ती."

"कोणत्या प्रकारची?"

लवू त्या वेळी समुद्रावर होता. आईचं सगळं केलं ते थोरल्या बहिणीने, काशीने. तिथूनच तिला फोन लावला. काशी म्हणाली, "मेड्युलरी. घरातल्यांची नावं विसरेन, पण ता नाव नाय विसरायची मी."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मग ही सुई तुम्हाला देता येणार नाही. तुमच्या घरात तो आजार आहे, त्यात ही औषधं टाळतात. आणि आधी तुमचा गळा तपासून घेऊ."

गळा तपासला, रक्त तपासलं, काही निघालं नाही. सगुणा देवाजवळ नारळ ठेवून आली. लवू म्हणाला, "बरं झालं." तेही कुणा तिऱ्हाइताचं झालं असावं तसं.

मग बाईंनी बाकीच्या वाटा सांगितल्या. एक गोळी आहे, ती खाल्लेलं तेलतूप अंगी लागू देत नाही. पोट लहान करायचं ऑपरेशन आहे, पण सावरायला वेळ लागेल आणि पुढे जन्मभर जपून खावं लागेल. आणि एक वाट आहे, तीत ताटातलं कमी करायचं आणि चालायचं. "कुठलीही वाट निवडली तरी ही तिसरी काही चुकत नाही," बाई म्हणाल्या. लवूने गोळी घेतली. आपल्याला सगळ्यांत सोपं तेच वाटणार, नाही का?

आता गोळी म्हणजे प्रामाणिक वस्तू. ती तेल अडवते म्हणजे अडवते, आणि अडवलेलं तेल मग दुसऱ्या दाराने, न विचारता, बाहेर काढते. तेलकट खाऊ नका असं बाईंनी बजावलं होतं. सगुणाने तळण बंद केलं, पण बांगड्याच्या कालवणात नारळ होताच. नारळाला या गावात तेलकट कोण म्हणतो? व्हायचं ते हरिश्चंद्रच्या घरी सत्यनारायणाला झालं. ऐन आरतीत लवू उठला आणि पाट तसाच सोडून, भिंतीला धरून, घाईघाईने घरी गेला. "देवाने दर्शन दिलंन की काय रे?" हरिश्चंद्रने मागून विचारलं. आठवडाभर मांडवी त्यावर हसली. खरं तर लाजेने मरायचा प्रसंग. लवूने पँट स्वतः धुतली, दोरीवर टाकली आणि झोपला. बाईंना सांगून त्याने गोळी सोडली.

उरली तिसरी वाट. भात बंद झाला. रात्री एक भाजका मासा, दुपारी नाचणीची अर्धी भाकरी, भाजी. जहाजावर बावीस माणसांना मोजून वाढणारा हा माणूस. स्वतःचं ताटही त्याने तसंच मोजून वाढलं. तरी काटा हलेना. तीन महिने गेले. बाईंना संशय आला की हे खोटं सांगतात. त्यांनी घरच्या सगळ्यांनाच बोलावलं.

"उठल्यापासून सांगा. काय काय तोंडात जातं?"

"सकाळी काय नाय," सगुणा म्हणाली. "दुपारपर्यंत उपाशीच असतात हो. चेहरा बघा कसा झालाय."

"अगदी काही नाही?"

"काय नाय. पेज पितात तेवढी."

बाई इथल्या नव्हत्या. "पेज म्हणजे?"

दिशाने सांगितलं. "उकड्या तांदळाची. मऊ शिजवलेली. टोपभर. वर सुक्या बांगड्याचा तुकडा. आणि चारला परत थोडी."

"अगो, पण ती जेवण काय?" सगुणा मुलीवरच उखडली. "पेज पितात. ती काय ताटात वाढतात?"

बाईंनी ते कागदावर लिहून घेतलं. मग हसू आवरत म्हणाल्या, "शिवलकर, तुम्ही भात सोडलेलाच नाही. पातळ केलात फक्त."

कोणी खोटं बोललं नव्हतं. या पट्ट्यात पेज जेवणात धरतच नाहीत. ती आजाऱ्याला देतात, बाळंतिणीला देतात, शेतावर नेतात, आणि वर सांगतात की सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही. लवूच्या आईने मरणाआधी शेवटचं घेतलं तेही पेजच.

घरी येऊन सगुणाने पेजेचा टोप घासून माळ्यावर टाकला. टाकताना ती रडली. "आजाऱ्याची पण पेज तोडत नाय कोण," म्हणाली. लवू शिडी धरून उभा होता. "धरलीय, उतर," एवढंच म्हणाला.

त्यानंतर काटा उतरू लागला, हळूहळू. आणि पंधरवड्यातच लवू दिवेलागणीला घराबाहेर पडू लागला. मांडवीतून राजिवड्यावरून पूल, पुलापलीकडे भाट्ये, सुरूच्या झाडांखाली थोडं बसणं, मग माघारी. गाव बघत होतंच.

"काय रे लवू, सुई दुखते काय?" हरिश्चंद्रने कुंपणावरून विचारलं.

"नाय."

"आणि बाई?"

"ती पण नाय."

झालं. बाई दुखत नाही, म्हणजे बाई आहे. संध्याकाळच्या आत कबुलीजबाब गावभर झाला.

सगुणाच्या कानावर तो मासळीवालीकडून आला. त्या दिवशी लवू शर्ट चढवत असताना ती दारात उभी राहिली.

"भाट्याला कोण हाय?"

"कोण नाय."

"मग मीपण येते सोबत."

"तू जेव," लवू म्हणाला आणि पायऱ्या उतरला. सगुणा मागे गेली नाही. पण त्यानंतर तिने शर्टाला इस्त्री करणं बंद केलं. लवू स्वतः करू लागला. आजारी दिसतो म्हणून लोकांनी वाटेत थांबवून विचारपूस करू नये, एवढ्यासाठी तो शर्ट होता. हे त्याने तिला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे, हे त्याच्या ध्यानीच आलं नाही.

वर्ष भरायच्या आत तो मुंबईला गेला. काट्यावर उभा राहिला, जिने चढला, उतरला. डॉक्टरने सही केली. लवूने घरी फोन लावला.

"झालं," तो म्हणाला.

"काय झालं?"

"फिट."

सगुणा रडत होती, मागे दिशा ओरडत होती. मग सगुणाने विचारलं, "तुमचा आवाज असा काय?"

"असाच हाय."

पंधरा दिवसांनी तो जहाजावर चढला. ढिली झालेली पँट कमरेला दोरीने बांधून, बॅग उचलून गेला. निरोपाला हरिश्चंद्र रिक्षापर्यंत आला आणि कानाशी लागून म्हणाला, "भाट्याला काय निरोप द्यायचा तर सांग हो." लवू रिक्षात बसला. शेजारी आता आणखी एक माणूस मावत होता.

भाट्याला कोणी नर्स नव्हती. सुई त्याला चालतच नव्हती. पेज बंद झाल्यावर एका संध्याकाळी लवू पाणी प्यायला आत गेला, तर मागच्या पडवीत दार ओढून सगुणा आणि दिशा उभ्या उभ्या, घाईघाईने, एकाच ताटात मासे-भात जेवत होत्या. त्याच्यासमोर खायला नको म्हणून. तो आल्या पावली परतला. दुसऱ्या दिवसापासून त्या वेळेला तो घरात थांबला नाही. त्या दोघींना बसून जेवता यावं, म्हणून तो भाट्याला जायचा.