कापामावशीच्या पावावरचं मीठ

तारानगर या अंतराळवीरांच्या गावातल्या संस्कृतिभवनात रंगमंचाच्या खाली एक बुटकी खोली आहे. उंच माणसाला तिथे मान तुकवूनच शिरावं लागतं. कापामावशी म्हणायची, "राजा असो की अंतराळवीर, माझ्या दरबारात सगळे वाकूनच येतात."

आणि काय तो दरबार! लाकडी तलवारी, पुठ्ठ्याचा चंद्र, पोतंभर कापसाचा बर्फ, चहाचं पाणी उकळायचा, बूड नसलेला समोवार, तीन राण्यांनी आळीपाळीने घातलेला एकच मुकुट. गावातले इंजिनियर, नर्सा, शिक्षिका संध्याकाळी कामावरून सुटले की इथे येऊन सरदार, परी आणि लांडगे व्हायचे. त्यांच्या हातात वेळेवर तलवार, फूल नाहीतर चहाचा पेला देणारी बाई म्हणजे कापितोलिना येगोरोव्हना. अख्ख्या गावाची कापामावशी. पडदा उघडला आणि टेबलावर हवी ती वस्तू नाही, असं तिच्या कारकिर्दीत कधी घडलं नाही. मावशीला स्वतःच्या नाकाडोळ्यांचा अभिमान नव्हता, गळा तर फुटक्या भांड्यासारखा, पण या एका गोष्टीचा मात्र होता. आणि तो ती लपवतही नसे.

रंगमंचावरचं जेवण ही तिची खास कला. नटाला घास तोंडात असतानाच वाक्य म्हणायचं असतं, म्हणून पाव असा हवा की शेवटच्या रांगेतून खरपूस दिसावा आणि जिभेवर लोण्यासारखा विरघळावा. मीठ खरं असलं की नटाला ठसका लागतो, म्हणून मिठाच्या जागी बारीक दळलेली साखर. गावातली सगळ्यांत देखणी नटी नोन्ना अर्काद्येव्हना हिने वीस वर्षं तो पाव खात खात प्रेमभंग सोसले, जमिनी गमावल्या आणि दोनदा विष घेतलं.

याच हातांकडे गावाने आणखी एक काम सोपवलं होतं. अंतराळातून दल परतलं की भवनाच्या रंगमंचावर त्यांचं पाव-मिठाने स्वागत व्हायचं. भरतकाम केलेल्या लांब पंच्यावर मोठा गोल पाव, त्यावर कणकेच्या वेण्या आणि पाखरं, मधोमध मिठाची वाटी. प्रत्येक वीराने पावाची खरपूस कड मोडायची, मिठात बुडवायची आणि सगळ्यांसमोर खायची. मग उरलेला पाव जमलेल्यांत वाटायचा. तो तुकडा घरी नेऊन बायका नातवंडांना प्रसादासारखा भरवायच्या. हा पाव मात्र खरा असायचा. जाड कडेचा, आंबटसर, आणि मीठ असं की डोळ्यांत पाणी यावं.

त्या वर्षीच्या उन्हाळ्याअखेर गावात बातमी आली, की दल ठरल्या वेळेआधीच परत येतंय. तिघांपैकी एकाची तब्येत बिघडली आहे, काळजीचं कारण नाही, नाव सांगितलं जाणार नाही. एवढंच.

नाव सांगितलं जाणार नाही म्हटल्यावर गावाला झोप कुठली? पूर्वी तारानगरात सगळंच गुपित असे. गाव नकाशावर नव्हतं, नवरा कामावर काय करतो ते बायकोला ठाऊक नसे. आता शाळेची पोरंसुद्धा यानाचा पत्ता टीव्हीवर बघतात. एक माणसाचं शरीर तेवढं झाकलेलं उरलं होतं, आणि सगळं गाव त्याचा पदर ओढायला निघालं.

"ग्लेबच असणार," दुकानाच्या रांगेत नोन्ना म्हणाली. ग्लेब म्हणजे दलाचा प्रमुख. "पन्नाशी उलटली की पुरुषाचं काही ना काही निघतंच. माझ्या दोन्ही नवऱ्यांचं निघालं."

"ग्लेब नाही, आल्सू," मागची म्हातारी म्हणाली. "जातानाच किती फिकी दिसत होती!"

"तिला बिचारीला जन्मापासून लोक फिकी म्हणतायत. मग तो धाकटा वेन्या असेल. कापे, तू का गप्प? तुझ्याकडे तर दलाचा डॉक्टर चहाला येतो," नोन्ना म्हणाली.

"चहाला येतो, चहा पिऊन जातो," कापामावशी म्हणाली. "दूध दे गं बाई, निघू दे मला."

या रांगेत ती उगीच बोलत नसे. तिचा नवरा तिमोफेय अंतराळवीरांना गरागरा फिरवून सराव देणाऱ्या यंत्रावर मेकॅनिक होता. तरुणपणी त्याला स्वतःलाच वर जायची आस लागली. तपासण्या झाल्या, आणि हृदयात काहीतरी बारीक खोट निघाली. पण ती त्याला डॉक्टरांनी सांगायच्या आधी दुधाच्या रांगेत कळली. "अरेरे, तिमोशा, एवढं तरणंताठं शरीर आणि हृदय असलं!" बाटली हातात धरून तो तसाच उभा राहिला. त्या खोटेने त्याचं काही बिघडलं नाही. चांगला म्हातारा होईपर्यंत जगला. पण तोवर लोक त्याला जड पिशवी उचलू देईनात, नाचताना मध्येच खुर्ची आणून देत. "कापा," तो म्हणायचा, "माझं हृदय मजेत आहे गं. लोकांच्या नजरेनं मात्र दम लागतो मला."

स्वागताच्या आदल्या दिवशी डॉक्टर रोद्योन ल्वोविच वाकून खोलीत शिरला. आता त्याला पोट सुटलं होतं, डोक्यावर चांदणं पडलं होतं. पण सहा वर्षांचा असताना नववर्षाच्या नाटकात तो ससा झाला होता, आणि मावशीसाठी ससाच राहिला होता.

"ये ससुल्या. कान आपटतील, जपून."

"मावशी, उद्याच्या पावाचं बोलायचं होतं." तो स्टुलावर बसला, उठला, पुन्हा बसला. "पाव मऊ पाहिजे. कडक कड नको, आंबट नको. आणि मीठ अजिबात नको. ना पावात, ना वाटीत."

"कुणाला?"

प्रश्न तोंडातून निसटला आणि मावशीने ओठ चावला. डॉक्टर जमिनीकडे पाहत म्हणाला, "तिघांना."

"विचारलं नाही असं समज," ती म्हणाली.

"समारंभच रद्द करा म्हटलं मी. तर भवनाचे संचालक म्हणतात, पाव-मीठ रद्द केलं तर गाव समजेल की कुणीतरी मरणपंथाला लागलंय. आणि दोघांनी खाल्लं, एकाने नुसतं हुंगलं, तर कॅमेऱ्यासमोर नावच सांगितल्यासारखं होईल. ते माणूस बरं होतंय, मावशी. पुन्हा उडेलही कदाचित. पण एकदा का लोकांनी बोट दाखवलं..."

"ठाऊक आहे मला," मावशी म्हणाली. तिची नजर भिंतीवरच्या खिळ्याकडे गेली. तिमोफेयची टोपी अजून तिथेच होती. "घरी जा तू. उद्या तिघंही पोटभर खातील. आणि त्यांना सांग, घास घेताना डोळे थोडे मिचकावा, खारट लागल्यासारखे. तेवढा अभिनय तर सशालाही येतो."

रात्रभर दुधातलं पीठ फुगत राहिलं. पहाटे मावशीने पावाला अंडं आणि कडक चहाचा हात दिला. असा काही तकाकला, की तिलाच वाटलं ठोकला तर खणखणेल. आत मात्र कापूस. वाटीत बारीक साखर. गावासाठी दुसरा, खरा, खारट पाव तिने पडद्याआड ठेवला. बेत सोपा होता: तिघांनी घास घेतले की टाळ्यांच्या गजरात मावशी पाव घेऊन आत जाणार, आणि दुसरा घेऊन बाहेर येणार. असे बदल तिने हजारदा केले होते.

सभागृह खच्चून भरलं होतं. बँड वाजला. ग्लेब, आल्सू आणि वेन्या सावकाश पावलं टाकत आले. जमिनीशी अजून पुरती ओळख पटायची होती. मावशी ठेवणीतली निळी शाल घेऊन पुढे झाली, कमरेत वाकली. पहिल्या रांगेतल्या बायका पुढे सरकल्या. कुणाचं तोंड वाकडं होतंय, कोण घास गालात धरतंय, हे बघायलाच तर त्या आल्या होत्या!

ग्लेबने कड मोडली, वाटीत बुडवली, खाल्ली आणि असा काही चेहरा केला, की समुद्र गिळला असावा. आल्सूने डोळे मिचकावले. वेन्याने तर ठसका काढला, आणि वर दुसरा घास घेतला. तिघांत डावंउजवं करायला देव आला असता तरी फसला असता. मावशीच्या छातीवरचा दगड उतरला. ती पाव घेऊन मागे वळली.

आणि ग्लेबने पाव तिच्या हातातून काढून घेतला!

"नाही नाही मावशी, आज आम्हीच वाढणार!" तो गर्जला आणि पायऱ्या उतरून थेट लोकांत शिरला. दुसऱ्या पावाचा बेत त्याला कुठे ठाऊक होता! उत्साहाला काय म्हणावं! पंच्याचं एक टोक त्याच्या हातात, दुसरं मावशीच्या. ती ओढली गेल्यासारखी मागून चालली होती. आणि पहिल्या रांगेतली पहिली खुर्ची कोणाची? नोन्ना अर्काद्येव्हनाची.

नोन्नाने तुकडा मोडला. वाटीत बुडवला. तोंडात घातला. आणि चावायची थांबली.

वीस वर्षं ती चव या बाईच्या जिभेवर होती. नोन्नाने एकदा पावाकडे पाहिलं, एकदा त्या तिघांकडे, आणि मग मावशीच्या डोळ्यांत. मागच्या रांगा हात पुढे करून उभ्या होत्या.

नोन्ना उठली. पाठ ताठ केली. आणि ज्या आवाजाने एकेकाळी शेवटच्या रांगेतले लोक रुमाल काढत, त्या आवाजात ओरडली:

"कापे! अगं मेले! मिठाच्या जागी साखर घातलीस की! आणि पावात मिठाचा कणही नाही! म्हातारी झालीस गं, पार म्हातारी झालीस!"

सभागृहात हशा असा फुटला की बँडवाल्यालाही वाजवणं सुचेना. लोक वाटीत बोटं घालून चाटू लागले. "खरंच साखर!" "म्हणूनच तिघांनी तोंडं वाकडी केली होय!" "वाढदिवस कुणाचा आहे हो?" दरवाज्यापाशी संचालकांचा चेहरा बिटासारखा लाल झाला होता.

मावशीने एकदा सगळीकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत न झालेली चूक आता तिच्या पदरात पडली होती. ती फक्त उचलायची होती. तिने कपाळावर हात मारला.

"चष्मा घरी राहिला गं माझा!"

चष्मा दोरीने तिच्या गळ्यातच लोंबत होता. कुणाचं लक्ष गेलं नाही. ज्यांचं गेलं ते आणखीच हसले.

दुसऱ्या दिवशी रांगेत ना ग्लेबचं नाव निघालं, ना आल्सूचं, ना वेन्याचं. विषय एकच: कापाला आता दिसत नाही, नाटकाचं सामान दुसऱ्या कुणाकडे द्यायला हवं. संचालकांनी तिला बोलावून गोडीत सांगितलं, की पुढचा पाव बेकरीतून मागवू, तुम्ही आता विश्रांती घ्या. मावशी "बरं" म्हणाली. घरी येऊन पीठ चाळायची चाळणी तिने धुतली, पुसली आणि वरच्या फळीवर ठेवली.

ऑक्टोबरात दोघी मैत्रिणी कोबी खारवायला बसल्या, दर वर्षीसारख्या. नोन्ना चिरत होती, मावशी मीठ चोळत होती.

"ओळखलंस ना तू?" मावशीने विचारलं.

"तुझी साखर? दोनदा मेले मी ती खाऊन."

"मग एवढं ओरडायची काय गरज होती? हळू सांगितलं असतंस."

"वेडी आहेस. कुजबुजले असते तर लोक विचार करायला लागले असते. ओरडलं की लोक हसतात." नोन्नाने सुरी खाली ठेवली. "कोण गं ते?"

"माहीत नाही."

"माझ्यापासून लपवतेस?"

"देवाशपथ. विचारलंच नाही मी."

नोन्नाने सुरी पुन्हा उचलली. म्हणाली, "बरं, माझा अंदाज सांगू?"

"कोबी चीर."

तिने चिरला. अंदाज पोटातच राहिला; आणि हे सोपं नव्हतं, कारण त्या पोटात आजवर काही राहिलं नव्हतं.

वसंतात पुढचं दल परतायच्या बेतात होतं. अंतराळात जाणारी माणसं किती शकुन पाळतात ते सगळ्या गावाला ठाऊक: निघण्यापूर्वी झाड लावायचं, ठरलेला सिनेमा बघायचा. तर या दलाने वरूनच निरोप धाडला: मागच्या दलाचं स्वागत साखरेने झालं, आणि तिघंही ठणठणीत झाले. तेव्हा आम्हालाही तसंच हवं. बेकरीचा पाव नको. कापामावशीचाच हवा, आणि वाट्या दोन, एक मिठाची, एक साखरेची. ज्याला जे आवडेल ते त्याने घ्यावं.

संचालक स्वतः निरोप घेऊन त्या बुटक्या खोलीत आले. घाईत मान तुकवायला विसरले. चौकटीवर डोकं आपटलं.

मावशीने चाळणी फळीवरून काढली. आता त्या पावावर दोन वाट्या असतात, पाव मऊ असतो, आणि रंगमंचावर कोण काय घेतो याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. आवडीनिवडीला कोण नावं ठेवणार? नोन्ना मात्र दर वेळी पहिल्या रांगेतून न चुकता ओरडते:

"कापे, चष्मा आणलास का?"

आणि मावशी गळ्यातली दोरी उचलून सगळ्या सभागृहाला दाखवते.