नवरीशिवाय हळदीचं गाणं

"लगीन नही, नवरी नही, मी काय भितले हयद लाऊ?" अक्कांनी भिंतीकडे बोट दाखवत तिसऱ्यांदा विचारलं आणि मी कपाळावर हात मारून घेतला.

शिंदखेड्याजवळचं गाव, भर दुपार. मी लोकगीतं गोळा करते. म्हणजे गावोगाव हिंडून बायकांची गाणी रेकॉर्ड करायची आणि जळगावला आमच्या संस्थेत जमा करायची. अक्कांना हळदीचं एक लांबलचक गाणं येतं. ते पूर्ण येणाऱ्या आता त्या एकट्याच. त्यांच्या गळ्यात गाठ निघालेली, पुढच्या आठवड्यात ऑपरेशन. नंतर आवाज राहील की नाही, ते डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं. आज नाही तर कधीच नाही.

लग्नातच का नाही रेकॉर्ड केलंत, असं लोक विचारतात. केलं की! मागे डीजे दणाणत होता. घरी येऊन ऐकलं तर बायकांचा एक शब्द कळेल तर शप्पथ.

म्हणून आज पंखा बंद केला, शेळी लांब बांधली, सगळ्यांचे फोन सायलेंटवर टाकले. लेव्हल लावली, म्हणजे आवाज मशीनमध्ये किती जोरात शिरतोय ते बघितलं. आणि अक्का गाईनातच. या गाण्यात कडव्यागणिक नवरीचं, मग तिच्या आईचं, मामाचं, भावाचं नाव घालून हळद लावतात. नाव नसेल तर कडवं पुढे सरकत नाही.

"अक्का, कुठलंही नाव घाला हो!"

"खोटं नाव? हयदमा?"

"मग सूनबाईंचं घाला."

"तिनं लगीन व्हई गयं. डबल हयद लावतस का?"

सूनबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. मला मात्र रडू यायचं बाकी होतं. संस्थेतल्या सरांना फोन लावला.

"सर, अक्का नवरी मागताहेत."

"मग द्या ना काहीतरी! आणि नावंबिवं नकोत हं. जनरल हवं."

जनरल! एसीत बसून हळदसुद्धा जनरल मागतात हे लोक.

फोन ठेवला तर अक्का माझ्याकडे निरखून बघत होत्या. "तुनं लगीन व्हयनं का?"

हा प्रश्न मला पारोळ्यापासून साक्रीपर्यंत प्रत्येक ओट्यावर विचारला जातो. "नाही," मी तोडून टाकलं.

"मंग येडी, बस ना पाटवर!"

बसले. काय करणार? सूनबाईंनी खरीखुरी हळद कालवून आणली. मी आई, मामा, भाऊ, सगळ्यांची नावं सांगितली. अक्का गायल्या. घसा दोनदा बसला, घोटभर पाणी प्यायल्या, पण गाणं सोडलं नाही. आईचं नाव आलं तेव्हा मला भडभडून आलं. रेकॉर्ड करणाऱ्यानं आवाज करायचा नसतो, हा आमच्या कामातला पहिला नियम. माझा हुंदका स्पष्ट ऐकू येतो.

सरांनी ऐकलं. "मॅडम, गाणं फार छान. पण यात तुमचंच खानदान कसं?" नावं एडिट करा म्हणाले. करून बघितली, कडवी पार मोडली. शेवटी तसंच जमा केलं. संस्थेच्या संग्रहात आता मी कायमची नवरी आहे.

ऑपरेशननंतर अक्का नुसत्या कुजबुजतात. भेटायला गेले तेव्हा हेडफोन लावून त्यांचं गाणं त्यांना ऐकवलं. डोळे मिटून त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग खुणेनं जवळ बोलावून कानात म्हणाल्या, "हयद मी लाई दिधी. आते नवरदेव तू देख."

सरांना आता मी एवढंच सांगते: हळदीची गाणी आणायला लग्न झालेलं माणूस पाठवू नका. हात हलवत परत येईल.